चावी आत, ड्रायव्हर बाहेर! गाडीवाल्यांनो, तुम्ही काय करता?

दोन_ट्रेलरवाला
नमस्कार मंडळी. माझे दोन ट्रेलर आहेत, जेएनपीटी बंदर ते भिवंडी-तळोजा चालतात, कधीमधी पुणे. राहतो खारघरला, ऑफिस कळंबोलीत स्टील मार्केटच्या बाजूला (ऑफिस म्हणजे एक टेबल दोन खुर्च्या).

परवा रात्री दीडच्या सुमारास गव्हाण फाट्याच्या अलीकडे गाडी पोर्टच्या लाइनीत उभी होती, ४० फुटी एक्सपोर्टचा डबा (कंटेनर). आमचे ड्रायव्हर मामा टायर बघायला खाली उतरले, दार ओढून घेतलं आणि झालं!! चावी गाडीला, इंजिन चालू, एसी चालू, आत मोबाइल, लायसन्स, फॉर्म १३ (डबा पोर्टात न्यायचा कागद), सगळं. बाहेर मामा, लुंगी-बनियान आणि हातात टॉमी (लोखंडी दांडा). वरून पाऊस.

पहाटेपर्यंत तमाशा चालला. चावीवाला पनवेलहून आला, १८०० घेतले, लाइनीतला नंबर गेला तो वेगळाच, डबा आत जायला दुपार झाली. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस असा कसा वागतो?

प्रश्न दोन. काच न फोडता दार उघडायला तुम्ही लोक काय करता? आणि हे १८०० भत्त्यातून कापायचे की नाही? माझं मत कापावेत. नाहीतर सवय लागत नाही.

बेलापूरचा_बंड्या
लुंगी-बनियान आणि टॉमी. पोलिसांनी उचलला नाही हेच नशीब.

कांदाबटाटा_गाळा
वाशी मार्केटला माझा गाळा आहे, कांद्याच्या गाड्या रात्री लागतात. आठवड्यात एक तरी असा चावीवाला किस्सा होतो. एकदा नाशिककडची गाडी आली, गोण्या निम्म्या उतरल्या आणि ड्रायव्हर दिसेना. बघतो तर तो स्वतःच्याच गाडीचं दार ठोकतोय. आत क्लीनर झोपलेला, दोन्ही दारांच्या लॉकच्या खुंट्या दाबून, काचा वर करून, घोरतोय. आम्ही हॉर्न द्यावा म्हटलं तर हॉर्न पण आतच. शेवटी एका माथाडीने टपावर चढून पाय आपटले तेव्हा साहेब उठले, आणि उठल्या उठल्या दार न उघडता आतूनच विचारतो, "कोण आहे?"

जुना_४०७
आमच्या टाटा ४०७ ला हा प्रॉब्लेमच नव्हता. तिला माझ्या सासऱ्यांच्या गोदरेज कपाटाची चावी पण लागायची. तीही नसली तर चमचा.

चाकं_अठरा
मी स्वतः ड्रायव्हर आहे, १४ वर्षं झाली, आता उरण-पनवेल रोडलाच आहे. शेठ, राग मानू नका पण तुमच्या पोस्टमध्ये मामांनी खुंटी का दाबली ते तुम्ही विचारलंच नाही. मी सांगतो. त्या लाइनीत खाली उतरलं आणि दार उघडं ठेवलं तर दोन मिनिटांत मोबाइल जातो. माझे दोन गेलेत. म्हणून हात आपोआप खुंटीवर जातो आणि मग दार ओढतो. पूर्वी काच अर्धी खाली असायची, हात घालून उघडता यायचं. आता एसी आला तर काच बंद. हात सवयीने जुनंच काम करतो आणि गाडी नवीन आहे, त्यात अडकतो माणूस. बेफिकीर असता तर खुंटी दाबलीच नसती.

आता दार उघडायचं म्हणाल तर आधी शांतपणे गाडीला एक चक्कर मारायची. क्लीनर साइडचं दार बघायचं. दहातले तीन वेळा ते उघडंच असतं, पण माणूस घाबरून एकाच दाराशी झोंबत बसतो. मग छोट्या काचा बघायच्या, जुन्या गाडीत दाराला तिकोनी काच असते तिची कडी सैल असते. हे सगळं नाही झालं तर पॅकिंगची पट्टी. खोक्याला बांधलेली असते ना ती प्लॅस्टिकची, गोडाऊनच्या बाहेर ढीग पडलेला असतो तिचा. मधोमध घडी घालून ती दाराच्या वरच्या कोपऱ्यातून रबराच्या आतून सरकवायची, आत गेली की दोन टोकं मागेपुढे केली की घडीचा फास होतो, तो खुंटीच्या डोक्यात अडकवायचा आणि वर ओढायचं. पावसात हात घसरतात, पण जमतं. खुंटीला डोकं पाहिजे मात्र. नवीन गाड्यांत खुंटी सरळसोट असते नाहीतर नसतेच, तिथे चालत नाही.

ठाण्याचा_सज्जन
चोरांना ट्रेनिंग देताय का इथे?

चाकं_अठरा
चोराला धागा वाचायला वेळ नसतो साहेब. तो दगड मारतो.

कायद्याचं_बोला
एक गोष्ट सगळे विसरतायत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६. सार्वजनिक जागी गाडी उभी करून चालकाची सीट सोडायची असेल तर तिथे लायसन्सवाला माणूस बसलेला हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. म्हणजे इंजिन चालू ठेवून खाली उतरणं हीच मुळात चूक. १८०० चा मुद्दा नंतर.

चाकं_अठरा
बरोबर आहे साहेब. तुम्ही एकदा जुलैत रात्री त्या लाइनीत या, दर दहा मिनिटांनी गाडी दोन फूट पुढे घ्यायची असते. प्रत्येक वेळी बंद-चालू करा आणि मग कलम सांगा.

कायद्याचं_बोला
कायदा पाऊस बघत नाही.

बेलापूरचा_बंड्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दोन_ट्रेलरवाला
धन्यवाद चाकं_अठरा, पट्टीचं माहीत नव्हतं. पण आमची गाडी बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांची) आहे, खुंटी सरळसोट आहे, म्हणजे चाललं नसतं.

आणि इंजिन चालू होतं म्हणजे तीन-चार तास डिझेल जळत होतं, ते कोण भरणार? तासाला दोन-तीन लिटर धरा.

मेकॅनिक_तुर्भे
इंजिन बाहेरून बंद करता येतं का, असं बरेच जण फोनवर विचारतात म्हणून लिहितो. जुन्या पंपाच्या गाडीत येतं, पंपावर स्टॉपचा दांडा असतो तो हाताने ओढून धरला की इंजिन मान टाकतं. बीएस ६ मध्ये तो विषय नाही, सगळं वायरिंगवर. काही शहाणे बॅटरीचा कटऑफ फिरवतात. चालू इंजिनवर ते करू नका, अल्टरनेटर आणि ईसीएमची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) वाट लागू शकते आणि मग १८०० ला हसायची वेळ येईल.

केबिन टिल्ट करायचा पराक्रम पण कोणी करू नका. मागच्या वर्षी आमच्याकडे एक पोरगा आला होता. त्याचं लॉजिक असं की केबिन पुढे झुकवली की खालून गियरच्या रबरातून हात घालू. टिल्ट केली. आत स्टोव्ह होता, कुकर होता, पाच लिटरचा तेलाचा डबा, मिसळणाचा डबा, आणि देव. सगळं जाऊन पुढच्या काचेवर आदळलं. हात काही पोचला नाहीच. केबिन परत खाली घेतली तेव्हा आतून काच हळदीने पिवळी झाली होती आणि गणपती वायपरच्या बाजूला उताणा.

घणसोलीची_पोर
मिसळणाचा डबा!! बिचारा.

कांदाबटाटा_गाळा
मसाला मार्केटची गाडी असेल.

मेकॅनिक_तुर्भे
आणि हो, काच फोडायचीच वेळ आली, म्हणजे आत लहान मूल आहे किंवा आग आहे, तर बाजूची फोडा. ती टफन्ड असते, टोकाने मारली की साबुदाण्यासारखी होऊन पडते. पुढची लॅमिनेटेड असते, मधे प्लॅस्टिकचा थर, मारत बसलात तरी जाळं होईल पण भोक पडणार नाही. लोक पुढचीच फोडायला जातात कारण ती मोठी दिसते.

घोडबंदर_ग्रस्त
तुमचे किस्से मजेशीर आहेत पण आम्ही काय भोगतो ते पण ऐका. गायमुख घाटात एक गाडी बंद पडली की कासारवडवलीपर्यंत रांग. मागे एकदा असाच ट्रक मधल्या लेनमध्ये उभा, लाइट चालू, इंजिन चालू, आत कोणी नाही, आणि ड्रायव्हर बाहेर उभा राहून काचेतून आत बघतोय जसा काही म्युझियममध्ये आलाय. मी दीड तास तिथे होतो. मुलीची परीक्षा होती. या लोकांना दंड झालाच पाहिजे, १८०० काय १८००० करा.

चाकं_अठरा
परीक्षेचं वाईट वाटलं, खरंच. पण दादा, तो मधल्या लेनमध्ये का उतरला असेल याचा विचार करा. ठाण्यात ठराविक वेळेत अवजड गाड्यांना बंदी, मग वेळ होईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. तिथे ना संडास ना पाणी. मग एंट्री सुटली की सगळे एकदम निघतात. तास तास धरून ठेवलेला माणूस जाम लागला की उतरतो. तुमच्या कारला पुढच्या सिग्नलला मॉल आहे, माझ्या ट्रेलरला तिथे कोण घेतो?

घोडबंदर_ग्रस्त
हा मुद्दा मान्य. दीड तास मान्य नाही.

उरनचा_नाखवा
आमचे रस्त्यान रोज रातचे दोन-चार तरी आसं ड्रायवर दिसतान लुंगीवर. मी त म्हंतो चावी गल्यान बांधा, काली दोरी घालून. नजर पन नाय लागाची.

तळोजा_सेफ्टी
मी एमआयडीसीत एका कारखान्यात सेफ्टी बघतो. आमच्याकडे उलटा प्रकार असतो. लोडिंगला गाडी लागली की चावी जमा करून घेतो आणि चाकाला ठोकळा. ड्रायव्हरला राग येतो पण कारण आहे, फोर्कलिफ्ट हौद्यात असताना ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली तर फोर्कलिफ्ट माणसासकट मधल्या फटीत. त्यामुळे चावी आमच्या हातात, हे बरोबरच आहे.

चूक कुठे होते तेही सांगतो, आधीच्या नोकरीत माझ्या डोळ्यांदेखत झाली. शिफ्ट बदलली, आधीचा गार्ड चावी खिशात घेऊन घरी गेला, डोंबिवलीला. गाडी भरलेली, बिल्टी तयार, ई-वे बिल तयार, ड्रायव्हर गेटच्या बाहेर फुटपाथवर बसलेला कारण आत थांबू देत नाहीत आणि केबिनमध्ये बसू देत नाहीत. पाच तास. त्याचा जेवणाचा डबा केबिनमध्ये. नंतर मी चाव्यांसाठी बोर्ड लावला, गाडी नंबरप्रमाणे खिळे, शिफ्ट बदलताना मोजून सही. दोनशे रुपयांचं काम होतं.

चाकं_अठरा
खिळ्यांच्या बोर्डासाठी तुम्हाला माझ्याकडून एक कटिंग चहा.

विमा_वहिनी
चावीवरून आठवलं. गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवली असेल तर हरवल्या दिवशीच पोलिसात नोंद करून ठेवा, कागद जपून ठेवा. आणि चावी गाडीला लावून माणूस दूर गेला आणि गाडी गेली, तर निष्काळजीपणा म्हणून वाद घालतात. त्यामुळे डुप्लिकेट बनवली तरी मूळ दुसरी चावी घरीच सुरक्षित हवी.

जुना_४०७
मग कपाटाची चावी पण जमा करावी लागेल का?

विमा_वहिनी
सासऱ्यांसकट.

घणसोलीची_पोर
मला एक विचारायचंय. दोन_ट्रेलरवाला, तुम्ही खारघरला राहता. गव्हाण फाटा तुमच्यापासून रात्रीचा अर्धा तास. दुसरी चावी कुठे होती? चावीवाला पनवेलहून का बोलवावा लागला?

बेलापूरचा_बंड्या
खिक्. आता आली का पंचाईत.

दोन_ट्रेलरवाला
दुसरी चावी माझ्याकडेच असते, कपाटात. त्या रात्री फोन सायलेंटवर होता.

मामांना माझा नंबर पाठ नव्हता. शेजारच्या गाडीवाल्याचा मोबाइल घेतला पण पाठ नंबर एकच, घरचा. मग त्यांनी आष्टीला बायकोला उठवलं रात्री दोनला, तिने मुलाला उठवलं, मुलाने माझा नंबर शोधला आणि मला फोन केले. सकाळी बघितलं तर अकरा मिस्ड कॉल.

घोडबंदर_ग्रस्त
म्हणजे अख्खं आष्टी जागं आणि खारघर झोपलेलं.

कायद्याचं_बोला
मी ड्रायव्हरच्या बाजूने सहसा बोलत नाही, पण १८०० आता कठीण दिसतात.

घणसोलीची_पोर
माझे वडील ट्रक चालवायचे, वाशी-कोल्हापूर. मालकाने त्यांना दुसरी चावी कधीच दिली नाही, म्हणायचा तुम्ही लोक डुप्लिकेट काढून डिझेल विकता. मग बाबांनी स्वतःच्या पैशांनी काढली आणि करदोट्यात बांधली. आंघोळीलाही सोडायचे नाहीत. उन्हाळ्यात उघडे बसले की कमरेवर चावीचा ठसा दिसायचा, दात्यांसकट. आम्ही लहानपणी त्यावर बोट फिरवून "भुर्र" करायचो. मालकाला ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि डिझेल पण कधी कमी भरलं नाही.

दुसरं म्हणजे हौद्याच्या फाळक्याच्या आतल्या बाजूला त्यांनी ऑइल पेंटने तीन नंबर लिहिले होते. घर, मालक, आणि टेंभुर्णीचा एक मेकॅनिक जो कशासाठी ते आम्हाला आजपर्यंत कळलं नाही, कारण वाशी-कोल्हापूर रस्त्यावर टेंभुर्णी येतच नाही.

मेकॅनिक_तुर्भे
काही प्रश्न विचारायचे नसतात ताई.

नवीन_सभासद_ऐरोली
फाळक्याला नंबर लिहायचा हे भारी आहे. ट्रेलरला फाळका नसतो, मग कुठे लिहायचा? चेसिसवर?

चाकं_अठरा
स्टेपनीच्या ब्रॅकेटवर मार्करने. मी लिहिलाय. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ पण लक्षात ठेवा, आणि जिवावरचं असेल तर ११२. कुणाचाही फोन मागून लागतात, पाठ करायला सोपे.

कांदाबटाटा_गाळा
अवांतर: पूर्वी ट्रकच्या पुढच्या काचेला नुसतं रबर असायचं. आमच्याकडे एक म्हातारा चावीवाला होता, तो पेचकस घालून रबर सोलायचा केळ्यासारखं आणि अख्खी काच काढून बाजूला ठेवायचा, आत शिरायचा, दार उघडायचा, परत बसवायचा. पंधरा मिनिटं. आता चिकटवलेल्या काचा, तो धंदाच गेला.

तळोजा_सेफ्टी
आणि हे प्रकार वाढणार, लिहून ठेवा. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. ड्रायव्हरसाठी फार चांगलं झालं, पण चाकं_अठरा म्हणतात तसं काच बंद राहणार.

उरनचा_नाखवा
म्हनून सांगतो, काली दोरी.

ठाण्याचा_सज्जन
धाग्याचं मूळ विसरलो आपण सगळे. शेठ, कापले का १८००?

बेलापूरचा_बंड्या
+१. कापले का?

नवीन_सभासद_ऐरोली
+१

दोन_ट्रेलरवाला
सांगतो. धागा काढला तेव्हा "कापायचे का" असं विचारलं होतं ते खोटं होतं, त्याच दिवशी संध्याकाळी हिशेबात कापून मोकळा झालो होतो. मामा काही बोलले नाहीत, नुसतं "बरं शेठ" म्हणाले आणि डबा घेऊन गेले. ते "बरं शेठ" डोक्यात राहिलं म्हणून रात्री इथे लिहायला बसलो, वाटलं चार जण म्हणतील बरोबर केलंस.

चार काय, कायद्याचं_बोला पण फिरले.

काल परत टाकले, फोनवरून. मामांनी अंगठा पाठवला. दहा मिनिटांनी फोन आला, म्हणे शेठ, चुकून आले का? नाही म्हटलं, आणि माझा नंबर पाठ करा म्हटलं. तर म्हणतात, "पाठ करतो, पण तुम्ही उचला."

घणसोलीची_पोर
मामा जिंकले.

चाकं_अठरा
आणि दुसऱ्या चावीचं काय केलंत ते सांगा.

दोन_ट्रेलरवाला
विमा_वहिनींचं ऐकून मूळ चावी घरीच ठेवली. नुसतं दार उघडण्यापुरती एक साधी चावी काढून घेतली, तिच्याने गाडी चालू होत नाही, त्यामुळे डिझेलची भीती नाही (घणसोलीची_पोर, मारू नका). ती सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून तारेने बांधली, दोन्ही गाड्यांना एकाच जागी म्हणजे [संपादित]

मेकॅनिक_तुर्भे
अहो काय लिहिताय!! जागा काढा आधी पोस्टमधून!

ठाण्याचा_सज्जन
मी म्हणालो होतो ना, ट्रेनिंग.

दोन_ट्रेलरवाला
काढलं काढलं. कुणी वाचलं नाही ना?

बेलापूरचा_बंड्या
नाही नाही. पण शेठ, तिथे चिखल उडतो, तार दर महिन्याला बघत जा.

दोन_ट्रेलरवाला
आज रात्रीच जागा बदलतो.